पिग्मी ॲप, ६४ मागण्या आणि खानापूरचा पाऊस

बेळगावच्या एका सहकारी संस्थेच्या खानापूर शाखेत संध्याकाळी साडेसातला पिग्मीचा, म्हणजे एजंट रोज दुकानोदुकानी गोळा करतो त्या ठेवीचा, हिशेब लागेना. कॅशियरच्या हातात रोख १३,९०० रुपये, नव्या ॲपमध्ये जमा १४,३००. पहिला संशय एजंटवर. तसा तो नेहमीच असतो, पिग्मीत फरक पडला की सगळे आधी एजंटच्या खिशाकडं बघतात. त्याचं म्हणणं एवढंच होतं: "मी एकदाच घेतलो की पैसे. 'पुन्हा पाठवा' म्हणायलंय, म्हणून पुन्हा दाबलो." नोंदी उलगडल्यावर दिसलं, १०० रुपयांचं एक खातं तीनदा चढलंय आणि २०० रुपयांचं एक दोनदा. जादाचे बरोबर ४०० रुपये.

हा प्रकार होऊ नये म्हणून करायचं काम ॲप बनवणाऱ्या टीमच्या यादीत आधीपासून होतं. २९व्या क्रमांकावर. ते तिथं कसं जाऊन बसलं आणि नंतर वर कसं आलं, एवढाच या प्रकरणाचा विषय. (संस्था, माणसं आणि त्यांचे आकडे नमुना म्हणून मांडले आहेत. तांत्रिक मर्यादा, नियम आणि पद्धती प्रत्यक्षातल्या.)

परिस्थिती

संस्था बेळगावची. शाखा शहरात, शहापुरात, खानापूर, संकेश्वर, निपाणीत आणि एक हद्दीपलीकडं चंदगड तालुक्यात. दोन राज्यांत सभासद, म्हणून नोंदणी २००२च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली. पिग्मी एजंट ४०, प्रत्येकाकडं साधारण १२० खाती. पिग्मी ही तशी याच राज्यातली चीज: १९२८ साली उडुपीत, पुढं सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं, रोज दोन आण्यांपासून सुरू केलेली. रोज दुकानात जाऊन पैसे घ्यायचे, नोंद करायची, संध्याकाळी शाखेत भरायचे. शंभरी गाठत आली तरी मूळ काम हेच.

जुन्या यंत्रांत दिवसभराच्या नोंदी साठायच्या आणि संध्याकाळी शाखेत केबल लावून उतरवायच्या. त्याजागी अँड्रॉइड ॲप आणि कमरेला लावायचा ब्लूटूथ प्रिंटर आणायचं ठरलं. काम टिळकवाडीतल्या पाच जणांच्या टीमकडं. स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे, दोन आठवड्यांचे. सुरुवात १ जुलै. बहुराज्य कायद्याप्रमाणं वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, आणि सभेत ॲप चालू झाल्याचं सांगायचं हे संचालकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तारीख पक्की, टीम पक्की. हलू शकणारी गोष्ट एकच: काय करायचं आणि काय नाही.

यादी कशी बिघडली

मागण्या चार वाटांनी आल्या: संचालकांच्या बैठकीतली टिपणं, शाखा मॅनेजरांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ऑडिटरचे शेरे आणि एजंट येता-जाता बोलले ते. सगळं एका एक्सेलमध्ये उतरवलं, ६४ ओळी झाल्या. एका रकान्यात 'प्राधान्य' होतं, त्यात ४१ ओळींसमोर 'अर्जंट'. चौसष्टातल्या एकेचाळीस गोष्टी अर्जंट असल्या की त्या रकान्याचा उपयोग संपला. मग टीमनं जे सगळेच करतात ते केलं: वरच्या खुर्चीतून आलेलं आधी घेतलं, नंतर सोपं घेतलं.

पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये १८ आणि २२, मिळून ४० पॉइंटचं काम झालं. (पॉइंट म्हणजे तास नव्हेत. एका कामाच्या तुलनेत दुसरं केवढं, याचा टीमनं मिळून धरलेला अंदाज.) त्यात लॉगिन ५, ग्राहकांची यादी आणि शोध ८, रक्कम नोंदवणं ८, मराठी-कन्नड-इंग्रजी स्क्रीन ८, संचालकांसाठी आलेखांचा डॅशबोर्ड ८, सर्व्हरची किरकोळ कामं ३. डेमोला टाळ्या पडल्या. डॅशबोर्डावर शाखांचे रंगीत खांब वर-खाली होत होते, न पडतील तर काय.

मग नवा स्प्रिंट सुरू न करता दोन आठवडे चार एजंटांना ॲप वापरायला दिलं, दोन शहरातले, दोन खानापूरचे. शहरात बरं चाललं. खानापुरात ऑगस्टचा पाऊस, वीज गेलेली, टॉवर कधी आहे कधी नाही. जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला तर विचारूच नका. फोननं नोंद पाठवली, सर्व्हरनं ती चढवलीही, पण 'मिळाली' हे उत्तर परत येताना नेट गेलं. फोनला वाटलं नोंद गेलीच नाही. 'पुन्हा पाठवा'. एजंटनं पाठवली. सर्व्हरला ती नवी नोंद वाटली.

२९व्या क्रमांकावरची ओळ

त्या ओळीत दोनच शब्द होते: 'ऑफलाइन मोड'. अंदाज २१ पॉइंट, म्हणजे एका स्प्रिंटपेक्षा जास्त. एवढा मोठा दगड कोणी पुढं घेत नाही. शिवाय शब्दच असा की ऐकणाऱ्याला ती सोय वाटते, पैशाची भानगड वाटत नाही. मॅनेजरांच्या शाखेत नेट असतं, टीमच्या ऑफिसात असतं, संचालकांच्या फोनवर असतं. यादी लावणाऱ्या एकालाही ती ओळ टोचली नाही.

चारशे रुपयांनंतर टीमनं ती ओळ चिरली. आत पाच वेगळी कामं निघाली: प्रत्येक नोंदीला फोनवरच एकमेव क्रमांक देणं आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नोंद न वाढवणं, ३ पॉइंट. न गेलेल्या नोंदी आणि त्यांची बेरीज एजंटला दाखवणं, २. नेट नसताना नोंदी फोनवर साठवून नंतर आपोआप पाठवणं, ८. फोन हरवला तर तो बंद करणं आणि दुसऱ्यावर काम चालू करणं, ५. नेट नसताना ग्राहकाची शिल्लक दाखवणं, ३.

बेरीज तीच, २१. पण पैसा चुकणं थांबतं ते पहिल्या दोन कामांनी, म्हणजे ५ पॉइंटांत. शिल्लक दाखवणं राहिलं तरी कोणाचं अडत नाही. एकाच ओळीत गाठ मारलेली असताना पहिल्याला शेवटच्याचं वजन वाहावं लागत होतं. मोठ्या मागणीला क्रमांक लावून उपयोग नसतो. आधी चिरायची, मग क्रम लावायचा, आणि तुकडे एकमेकांपासून लांब गेले तरी चालतं.

३ पॉइंटच्या त्या कामाचं कार्ड, म्हणजे एका कामाची चिठ्ठी, असं लिहिलं गेलं:

*कोण: एजंट. काय: नेट येवो-जावो, घेतलेली रक्कम एकदाच चढावी. कशासाठी: संध्याकाळी रोख जुळावी.*

*पास केव्हा: (१) 'जमा' दाबल्याबरोबर फ्लाइट मोड लावला, दोन मिनिटांनी काढला, नोंद एकच. (२) 'पुन्हा पाठवा' पाचदा दाबलं, नोंद एकच. (३) मध्येच फोन बंद करून चालू केला, नोंद एकच. (४) त्याच ग्राहकानं सकाळी १०० आणि संध्याकाळी पुन्हा १०० दिले, नोंदी दोन.*

चौथी अट कॅशियरबाईंनी सुचवली, नाहीतर टीमनं सोपी वाट धरली होती: खातं, तारीख आणि रक्कम सारखी असेल तर दुसरी नोंद नाकारायची. तसं केलं असतं तर ४०० रुपये जादा दिसायच्याऐवजी कुणाचे तरी १०० गायब झाले असते, आणि ते जास्त वाईट. क्रमांक कधी तयार होतो हेही महत्त्वाचं. तो नोंदीचा फॉर्म उघडताना तयार व्हायला हवा आणि फोनवर लगेच लिहिला जायला हवा. बटण दाबताना तयार केला तर प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक मिळतो, आणि पहिले पाढे पंचावन्न.

"एक एजंट म्हणून मला अमुक हवं आहे" हा साचा टीमनं सोडला, ते बरं केलं. मराठीत असं कोणी बोलत नाही. आणि कार्ड बोलण्यासारखं नसलं की शाखेतली माणसं ते वाचत नाहीत.

भाषा: एक ओळ, चार कामं

सीमाभागात भाषेची मागणी नुसती सोय म्हणून येत नाही. यादीत ती सात वेगवेगळ्या शब्दांत सात जणांनी लिहिली होती, सगळीकडं अर्जंट. अशा दुहेरी-तिहेरी ओळी जुळवल्यावर ६४च्या ३८ झाल्या. भाषेच्या सात ओळींची एक झाली, आणि ती एक पुन्हा चिरल्यावर चार निघाल्या: स्क्रीन, पावती, एसएमएस, ग्राहकांची नावं.

स्क्रीनवर ८ पॉइंट आधीच गेले होते. एजंटांनी काय केलं? चौघांपैकी तिघांनी इंग्रजीच ठेवली, कारण जुन्या यंत्रावर तेच शब्द होते आणि बोटं तिथंच जात होती. भाषा ज्याला लागते तो काउंटरपलीकडचा दुकानदार, आणि त्याला स्क्रीन दिसतच नाही. त्याच्या हातात पावती येते.

पावतीचं काम ५ पॉइंटचं. प्रिंटर ५८ मिलिमीटर कागदाचा, छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, म्हणजे आडवे ३८४ ठिपके. या स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी-कन्नड अक्षरं सहसा नसतात. मजकूर तसाच पाठवला तर प्रश्नचिन्हं किंवा कचरा छापून येतो. म्हणून ओळ आधी चित्र करून पाठवावी लागते, आणि सगळी पावती चित्र केली की छपाई रेंगाळते, गिऱ्हाईक उभं राहतं, दुकानदार म्हणतो "ऱ्हाऊ दे पावती". एजंटला पावती न देण्याची सवय लागणं हे संस्थेला परवडणारं नाही. सगळा विश्वास त्या चिठ्ठीवर. तोडगा असा: संस्थेचं नाव आणि 'जमा रक्कम', 'एकूण' हे न बदलणारे शब्द प्रिंटरच्याच स्मृतीत चित्र म्हणून एकदा साठवायचे, मराठीचा एक संच, कन्नडचा एक. बदलणारे आकडे साधे पाठवायचे.

नावांचं काम ८ पॉइंटचं, आणि ते सरळ बाहेर काढलं. मूळ बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. त्यावरून आपोआप मराठी केली की काळेंचे काले होतात आणि माळींचे माली. 'ळ' कुठं आणि 'ल' कुठं हे इंग्रजी स्पेलिंग सांगत नाही. चुकीचं छापलेलं नाव इंग्रजी नावापेक्षा जास्त झोंबतं. तोवर पावतीवर इंग्रजी नाव आणि खाते क्रमांक.

एसएमएसचा धडा वेगळा. टेलिकॉम नियमांनुसार असे संदेश पाठवण्याआधी प्रत्येक मजकुराचा नमुना टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा. शिवाय इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरी किंवा कन्नडला ७०. त्याच्या पुढं गेलं की तुकडे, प्रत्येकी ६७ अक्षरांचे, आणि पैसे दोन संदेशांचे. 'नमस्कार, आदरणीय ग्राहक, आपल्या पिग्मी खात्यात अमुक रुपये जमा झाले आहेत, धन्यवाद' हा नम्रपणा ४,८०० खात्यांवर रोज महाग पडतो. मजकूर छाटून ७०च्या आत आणला.

कोडिंग ५ पॉइंटचं, तेही 'असावं' या दुय्यम गटातलं (गटांचं पुढं येतं), म्हणजे क्रमानं खाली. पण मंजुरीची वाट बघणं टीमच्या हातात नाही. म्हणून नमुने नोंदवायचं अर्ध्या दिवसाचं काम वेगळं करून यादीत सगळ्यात वर ठेवलं. महत्त्व कमी असलं तरी वाट मोठी असेल तर सुरुवात आधी, हे पॉइंटच्या गणितात दिसत नाही. एवढं करूनही कन्नडचा नमुना दुरुस्तीसाठी परत आला. मराठीचा मंजूर होता, पण सहायक मॅनेजरनं तो लावू दिला नाही. दोन्ही मंजूर होईपर्यंत सगळ्यांना इंग्रजी. एक भाषा आधी गेली असती तर दुसऱ्या दिवशी शाखेत काय झालं असतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

५२ पॉइंटचं टेबल

आता आकडेमोड. सरासरी वेग २०. उरलेले स्प्रिंट तीन, त्यातला मधला, म्हणजे एकूणात चौथा, गणपतीत सापडलेला. बेळगावात गणपतीत पूर्ण वेगानं काम होईल असं धरणाऱ्यानं बेळगाव पाहिलेलं नाही. म्हणून तिथं १२. एकूण २० + १२ + २० = ५२. शेवटचे आठ दिवस शाखांत ॲप लावायला मोकळे.

'हवंच, असावं, जमलं तर, आता नको' ही चार गटांची पद्धत, जिला मॉस्को म्हणतात, तिच्यात एक नियम आहे जो बहुतेक जण विसरतात: 'हवंच' गट क्षमतेच्या ६० टक्क्यांवर जाऊ नये. इथं ५२चे ६० टक्के म्हणजे ३१. संस्थेच्या यादीत 'हवंच' ७४ पॉइंटचं होतं. क्षमतेपेक्षाच जास्त.

गुणांची सूत्रं वापरून बघितली आणि सोडली. किती जणांना उपयोग, याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक ओळीला '४० एजंट' येत होतं, आणि बाकीचे आकडे अंदाजाचेच. अंदाजाला अंदाजानं गुणून आलेल्या दशांश चिन्हावर वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी तीन प्रश्न, याच क्रमानं: हे नसलं तर पैसा चुकतो का? संध्याकाळचं काम थांबतं का? याच्याशिवाय दुसरं कुठलं काम अडतं का?

पहिल्या दोन प्रश्नांत बसलं ते 'हवंच': एकमेव क्रमांक ३, न गेलेल्या नोंदी २, साठवून पाठवणं ८, पावती ५, कॅशियरचं संध्याकाळचं जुळणीपत्रक ५, उलट नोंद ५. बेरीज २८. उलट नोंदीवर थोडी खडाजंगी झाली. एजंटांना चुकलेली रक्कम बदलायचं बटण हवं होतं, ऑडिटरला कुठलीही नोंद बदललेली नको होती. दोन्ही मागण्या 'अर्जंट' आणि एकमेकींच्या उलट. ठरलं असं, की चढलेली नोंद कोणी बदलणार नाही. चूक झाली तर कारण लिहून उलट नोंद टाकायची, आणि शाखेनं ती मंजूर करायची.

'असावं' गटात एजंटच्या वाटेप्रमाणं यादी ५, हरवलेल्या फोनची सोय ५, एसएमएस ५. 'जमलं तर' गटात आज राहिलेल्यांची यादी ३, नेटशिवाय शिल्लक ३. सगळं मिळून ४९. उरलेले ३ कशानेही भरले नाहीत. कोणीतरी भरायला सांगतंच, तेव्हा नाही म्हणायचं.

वाटेप्रमाणं यादी हे काम मूळ चौसष्टात नव्हतंच. टीमचा टेस्टर एक दिवस एजंटबरोबर गणपत गल्लीतून फिरला तेव्हा ते दिसलं. एजंटच्या खिशात ग्राहकांच्या कार्डांचा रबर लावलेला गठ्ठा, दुकानं जशी लागतात त्या क्रमानं लावलेला. वरचं कार्ड काढायचं, पैसे घ्यायचे, कार्ड तळाला. दुकान बंद असलं तर कार्ड उलटं करून तळाला, परतताना ती उलटी कार्डं तेवढी बघायची. ॲपमध्ये यादी मात्र अकारविल्हे, म्हणजे पन्नास पाटील एकाखाली एक. शोधाच्या सोयीवर खर्च केलेले पॉइंट एजंटनं दिवसभरात दोनदा वापरले. त्याला नाव शोधायचंच नव्हतं, पुढचं दुकान हवं होतं.

'नाही' कुणी म्हणायचं

स्प्रिंटनं काम करायच्या या पद्धतीला स्क्रम म्हणतात. तिच्या २०२०च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: प्रॉडक्ट ओनर, म्हणजे यादीचा क्रम ठरवणारा, ही एक व्यक्ती, समिती नव्हे. सहकारी संस्थेचा कारभार मात्र समितीवरच चालतो. तीन संचालकांची उपसमिती नेमली होती आणि तिघांचे तीन क्रम होते. संस्थेनं शेवटी सहायक मॅनेजरला अधिकार दिला. कागदावर. चेअरमनचा फोन आला की तो अधिकार मऊ पडायचा, ते काही लपून राहिलं नाही.

म्हणून सोमवारी अर्धा तास, चेअरमनच्याच केबिनमध्ये, टेबलावर कार्डं एका ओळीत मांडायची. एकाखाली एक, दोन कार्डं एका पातळीवर नाहीत. ५२ पॉइंट जिथं संपतात तिथं फूटपट्टी आडवी. पहिल्याच सोमवारी चेअरमन म्हणाले, "क्यूआरनं पैसे घ्यायची सोय सभेआधी पाहिजेच. बाकीच्या सोसायट्या करायल्यात."

"घेऊया की साहेब," सहायक मॅनेजर म्हणाला. "१३चं कार्ड आहे. फूटपट्टीच्या वरचं कुठलं खाली ढकलू ते तुम्हीच सांगा."

चेअरमननी पावतीच्या कार्डावर बोट ठेवलं, उचललं. जुळणीपत्रकावर ठेवलं, कॅशियरबाईंकडं बघितलं, उचललं. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सभेनंतर." 'नाही' हा शब्द खोलीत कोणी उच्चारला नाही. ते काम फूटपट्टीनं केलं.

३० सप्टेंबरला

चौथ्या स्प्रिंटमध्ये १२च्या ठिकाणी ८ झाले. पाचव्यात भरून निघालं नाही. 'जमलं तर' गटातली नेटशिवाय शिल्लक गळली, आणि कोणी विचारलंही नाही. सभेच्या दिवशी ४० पैकी २६ एजंट ॲपवर होते, बाकीचे जुन्या यंत्रावर. खानापूरला सहा आठवड्यांत दोनदा फरक आला, दोन्ही वेळा नोटा मोजण्यात चूक होती.

सभेनंतरच्या सोमवारी क्यूआरचं कार्ड वर आलं, आणि आधी चिरलं गेलं. एका शाखेच्या खात्यावर आलेले पैसे योग्य पिग्मी खात्याला लावणं हा पहिला तुकडा, ५ पॉइंट. त्याच्याखाली एक नवं कार्ड होतं. गणपत गल्लीचा एजंट ॲप वापरतो, पण कार्डांचा गठ्ठा अजून खिशात बाळगतो, कारण काही दुकानदार पावती घेतल्यावरही कार्डावर सही मागतात. टीमच्या त्या नव्या कार्डावर अंदाजाचा आकडा अजून कोणी लिहिलेला नाही.